माळवद उतरवलेलं घर

त्या घराच्या माळवदावर पहिली कुदळ मी घातली. माझा नवरा सिप्रिआन आत तुळयांना टेकू देत होता, मामंजी बैल जुंपत होते आणि वर चढायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आठव्या महिन्याचं पोट घेऊन मी शिडी चढले. सासूबाईंनी त्यावरून मला मरेपर्यंत एक शब्द बोलून दाखवला नाही. दाखवला असता तर मीही दोन शब्द उलटून बोलले असते आणि मोकळी झाले असते.

हुकूम आला तो पाटाचा गाळ काढायच्या दिवसांत. राजधानीहून, सांता फेहून येणारा हुकूम बहुधा आमचं काहीतरी न्यायलाच यायचा. कधी घोडे, कधी लोकर, कधी घोड्यांवरून धाडी घालणाऱ्या कोमांच्यांच्या मागावर धाडायला माणसं. या खेपेला तो घरं न्यायला आला. रविवारी प्रार्थना आटोपल्यावर आमच्या भागाचे हाकीम डॉन सेराफीन देवळाच्या पायरीवर उभे राहिले आणि कागद वाचू लागले. नदीकाठाने जो तो आपापल्या शेतात घर बांधून एकटा राहतो, म्हणून कोमांचे त्याला एकेकटा गाठून मारतात. तेव्हा उन्हाळ्यातल्या सान हुआनच्या सणाआधी सगळ्यांनी सान राफाएलच्या माळावर एकत्र यायचं, भिंतीला भिंत लावून चौक बांधायचा, आणि चौकाला दरवाजा एकच ठेवायचा. मागे राहिलेली घरं ज्याची त्याने पाडायची, म्हणजे लुटारूंना तिथे आसरा मिळणार नाही. जो हलणार नाही त्याची जमीन दुसऱ्याला.

"शेत हितं आन् निजायला दोन कोसांवर," मामंजी म्हणाले. त्यांचं नाव एस्किपुला. बोलायचे कमी, पण बोलले की नाराजीचंच. "मी पेरायचं कवा आन् वाट तुडवायची कवा?"

"शेजाऱ्याचं घोरणं ऐकाया मिळंल की फुकटात," कोणीतरी मागून म्हणालं. लोक हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्या हुकूम वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत होत्या, अजून काही पुढे असेल म्हणून. पुढे काही नव्हतं.

आमचं घर नदीच्या वळणावर होतं. तीन खोल्या, कच्च्या विटांच्या भिंती, वर बारा तुळया, तुळयांवर दांड्यांचं किलचण आणि त्यावर हातभर माती. तुळया मामंजींनी आपल्या बापाबरोबर डोंगरातून तोडून आणलेल्या. मी त्या घरात लग्न होऊन आले तेव्हा रोसालियाला नेऊन दोन वर्षं झाली होती.

रोसालिया माझी नणंद. मी तिला पाहिलेलं नाही. बारा वर्षांची होती. खरबुजाच्या मळ्यात पाखरं हाकलत बसली होती आणि सासूबाई शंभर पावलांवर नदीत लोकर धूत होत्या. कोमांच्यांनी तिला उचलून घोड्यावर घातली. सासूबाईंनी वर बघितलं तेव्हा त्यांना फक्त घोड्याची पाठ दिसली. ओली लोकर हातात तशीच घेऊन त्या घोड्यामागे धावल्या, असं लोक सांगत. त्या स्वतः कधी सांगत नसत.

पण ती घरातच होती. चुलीजवळ, सासूबाईंच्या अंथरुणाला लागून, तिचं मेंढीचं कातडं अंथरलेलं असे. रोज सकाळी सासूबाई ते बाहेर नेऊन झटकायच्या आणि पुन्हा तिथेच आणून टाकायच्या. त्यावर कोणी बसायचं नाही. पाय सुजायला लागले तेव्हा मला ती उबेची जागा डोळ्यांत भरायची, पण मी कधी टेकले नाही. भाकरी जाड झाली की रोसालिया किती पातळ थापायची ते निघायचं. सूत तुटलं की तिचे हात किती हलके होते ते निघायचं. बारा वर्षांची पोर काय एवढं करत असेल, असं माझ्या ओठांवर यायचं. जिवंत नणंदेशी भांडता येतं. हिच्याशी कसं भांडू?

हुकमाच्या संध्याकाळी आम्ही चौघं घेवड्याची आमटी घेऊन बसलो होतो.

"तुळया हाईत तिथंच ऱ्हाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "नव्या खोल्यास्नी नवं लाकूड आणा."

"डोंगरातनं?" मामंजी म्हणाले. "हिवाळ्यात दोघं गेलते लाकडाला. त्यांची बैलं तेवढी परत आली."

"मग?"

"मग काय. बारा तुळया हाईत. दोन खोल्या व्हतात."

"आन् ती आली म्हंजी?"

हे त्यांचं नेहमीचं. सिप्रिआन वाडग्यात बघत होता. तो बहिणीपेक्षा तीन वर्षांनी मोठा, त्या दिवशी मळ्यावर जायची पाळी त्याची होती. हे मला लग्नानंतर वर्षाने कळलं.

मग मीच बोलले. "आत्याबाई, त्या येतील तवा येतील. ह्यो पोटातला तर सान हुआनला येणार. त्याला काय झाडाखाली जल्म देऊ?"

त्यांनी माझ्या पोटाकडे बघितलं. "रोसालिया असती तर असं बोलली नसती."

"त्या असत्या तर मी बी बोलले नसते."

सिप्रिआनने मला डोळ्यांनी दटावलं. मामंजींनी भाकरीने वाडगं पुसून घेतलं आणि उठताना एवढंच म्हणाले, "पोरगी खरं बोलतीय. तुळया काढायच्या." मी जिंकले होते आणि मला ते आवडलं होतं. खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी सासूबाई हाकिमाकडे निघाल्या. मामंजी म्हणाले, मी त्याच्यापुढं टोपी काढणार न्हाई. म्हणून सोबतीला मी गेले. सासूबाईंनी बकरीच्या दुधाचं चीज कापडात बांधलं होतं आणि स्वतः विणलेल्या मोज्यांचा जोड घेतला होता. हाकिमाच्या अंगणात आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतं भिंतीवर आलं होतं.

हाकिमीणबाईंनी चीज आणि मोजे आत नेले आणि बाहेर येताना लोकरीची पाटी आणली. "साहेब जेवून येतील. बसलाच आहात तर एवढी पिंजून ठेवा."

सासूबाईंनी पिंजली. ऊन डोक्यावर आलं तरी त्या पिंजतच होत्या. मी अर्ध्यातच हात काढून घेतला, तर मला म्हणाल्या, "कर. अर्धं सोडलं तर तेवढंच निमित्त व्हईल तिला." पाटी रिकामी झाली तेव्हा दुसरी पाटी आली. दुसरीही रिकामी होत आली तेव्हा डॉन सेराफीन दात कोरत बाहेर आले.

"पोलोनियाबाई, तुमचं काम मला कळलंय. घर उभं ठेवता येणार नाही. त्यात कोण उतरेल हे तुम्हाला माहीत आहे."

"माझी लेक उतरंल."

"सहा वर्षं झाली. आता ती तुमची लेक राहिली नाही, कुणाची तरी बायको झाली असेल. तोंड गोंदलेलं असेल, कडेवर कोमांच्याचं पोर असेल. अशी आलेली तुम्हाला तरी बघवेल का?"

"बघवंल का न्हाई ते माझं मी बघीन," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. केसात लोकरीचे तंतू अडकले होते आणि हाकिमाचं लक्ष त्या तंतूंकडेच होतं.

मला तिथून निघायचं होतं. पाय ठणकत होते. काहीतरी तडजोड निघावी म्हणून मी मध्ये तोंड घातलं. "साहेब, माळवद उतरवतो. भिंती तेवढ्या ऱ्हाऊ द्या."

त्यांनी थोडा विचार केला. "भिंती राहू देत. उघड्या भिंतींत कोणी दडत नाही."

परतताना सासूबाई भराभर पुढे चालत होत्या. मीच त्यांना समजावत होते. भिंती आहेत, वळण आहे, चिंचोळी खिडकी आहे, समोर नदी आहे. घर ओळखायला आणखी काय लागतं? रोसालिया घरी आल्या की आजूबाजूला विचारतील, दोन कोस चालत येतील. सगळं मी जुळवून दिलं.

"व्हय," शेवटी त्या म्हणाल्या. "भिंती वळखंल ती. खिडकीखालचा गिलावा तिच्या हातचा हाय." ओढा ओलांडताना त्यांनी माझा दंड धरला आणि पलीकडे गेल्यावरही सोडला नाही. चार वर्षांत पहिल्यांदा. मला इतकं बरं वाटलं की पायाची ठणक विसरले.

पुढचे दोन महिने चिखलाचे गेले. सान राफाएलच्या माळावर दोरी लावून प्रत्येकाला जागा मोजून दिली. पहाटे शेतावर जायचं, उन्हं चढली की माळावर. खड्ड्यात माती, पाणी आणि गव्हाचं काड टाकून मी तुडवायची. सिप्रिआन साचे भरायचा, मामंजी विटा उलट्यापालट्या करून वाळवायचे. पायाच्या भेगांत काडाची टोकं रुतून बसायची आणि संध्याकाळी सासूबाई काट्याने ती काढायच्या. स्वतः त्या दोन बायकांचं काम करत होत्या. पाणी आणायच्या, चिखल वाहायच्या, भिंत चढली की हाताने सारवायच्या. शेजारी बायका आपापल्या भिंतीवरून एकमेकींना टोमणे मारायच्या, हसायच्या. "लुगार्दा, लवकर तुडव गं, नाहीतर पोर चिखलातच पडंल," असं मलाही म्हणायच्या. चेष्टा ऐकत काम हलकं व्हायचं. सासूबाईंची चेष्टा कोणी करत नसे.

भिंती छातीएवढ्या झाल्या, डोक्याएवढ्या झाल्या, आणि मग तुळयांवाचून पुढे काही करता येईना.

त्या सकाळी मी माळवदावर चढले तेव्हा सासूबाई आत चुलीजवळ बसल्या होत्या. कातडं गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. मी वरून हाक मारली.

"आत्याबाई, भाईर या. माती पडंल."

"तू पाड. मला बसू दे माझ्या जाग्यावर."

"आये, ऊठ की," सिप्रिआन म्हणाला. त्या उठल्या नाहीत. मामंजींनी बाहेरून आवाज दिला, "बसू दे तिला. तू हान लुगार्दा." मी कुदळ घातली.

चाळीस वर्षांची माती होती ती. दर वर्षी पावसाआधी एक थर चढवलेला. वरचा थर उन्हाने टणक, खाली भुसभुशीत, त्याखाली उंदरांची बिळं. किलचणाच्या दांड्या उचकटल्या तशी माती घळाघळा आत गेली आणि भोकातून उजेडाचा झोत पडला. त्या खोलीत असा उजेड मी कधी पाहिला नव्हता. भिंतीवरचा धुराचा प्रत्येक ओघळ दिसू लागला. आणि मध्ये सासूबाई, एवढ्याशा, केसांवर, खांद्यांवर, पापण्यांवर माती. मला वाटलं आता शिव्या घालतील. त्यांनी डोळे पुसून वर बघितलं आणि म्हणाल्या, "दमानं. पोटाला जपून."

मी दुसरीकडे तोंड करून खणू लागले. त्या दुपारी मी रडले, पण घामात कोणाला कळलं नाही.

कातडी दोरांनी तुळया एकेक करून खाली सोडल्या. गाडीवर तीन बसत. लाकडी चाकं अशी किंचाळायची की दोन कोसांवरच्या बायकांना तुळया निघाल्याचं आधीच कळायचं. दार काढलं, खिडकीची फळी काढली, चुलीवरचा आडवा दगडसुद्धा काढला. शेवटी किडक्या दांड्या, काटक्या आणि उंदरांची घरटी यांचा ढीग आत राहिला.

"जाळून टाक," मामंजी म्हणाले. "साप घर करतील."

निखारा माझ्याकडे होता. मी टाकला. सुकलेलं लाकूड ते, भडाडा पेटलं. ज्वाळा भिंतीच्या वर गेल्या आणि निवल्यावर बघितलं तर तिन्ही खोल्या आतून पुरुषभर काळ्या झाल्या होत्या. खिडकीवरच्या भिंतीवर तर धुराचा पट्टा बाहेरूनही चढला होता. सासूबाई गाडीजवळून बघत होत्या.

"पुढच्या हंगामात पांढऱ्या मातीचा हात फिरवू," त्या म्हणाल्या. "आता मका निंदायचा हाय."

सान हुआन होऊन पाच दिवसांनी मी त्या बारा तुळयांखाली बाळंत झाले. मुलगी झाली. सासूबाईंनीच तिला हातात झेलली, नाळ कापली, तोंडात बोट घालून साफ केलं. मी थकून वर बघत पडले होते. तुळया आमच्याच होत्या, पण उलट्या सुलट्या बसल्या होत्या, चुलीवरची काळी तुळई दाराशी गेली होती. "नाव काय ठेवायचं?" मी विचारलं. मला वाटलं होतं त्या रोसालिया म्हणतील आणि मी त्याला तयारही होते. त्या म्हणाल्या, "मानुएला ठेव. रोसालिया नावाची एक हाय."

उन्हाळाभर आम्ही शेतावर जात राहिलो. निंदणी झाली की सासूबाई भिंतींत जाऊन बसायच्या. मी मानुएलाला पाजायला त्यांच्याशेजारी बसे. डोक्यावर आभाळ आणि खाली आपलीच जमीन, मोठं विचित्र वाटायचं. त्या बोलायच्या, आणि आता रोसालियाचं ऐकताना मला राग येत नसे. भाकरी पातळ थापायची हे खोटं होतं, असं एकदा त्यांनीच सांगितलं. "जाड थापायची गं. करपवायची बी." मी हसले, त्याही हसल्या.

मका निघाला. कणसं गाडीने चौकात आली, मिरच्यांच्या माळा भिंतींवर चढल्या. आणि मग पूर्वेकडे धूळ दिसल्याची बातमी आली. हाकिमाने दरवाजा बंद केला. कोणी आत नाही, कोणी बाहेर नाही. आठ दिवस आम्ही चौकात कोंडलेले. बकऱ्या, कोंबड्या, माणसं आणि एक विहीर. सगळे मिळून कणसं सोलायचो, गाणी म्हणायचो. तिसऱ्या दिवशी सासूबाई दरवाजावरच्या माणसाला म्हणाल्या, "वळणावर जाऊन येते." तो म्हणाला, "बाई, तिथं आता हाय काय? भिंती तर हाईत." चौक हसला. त्याही येऊन पुन्हा सोलायला बसल्या.

कोमांचे आलेच नाहीत. नवव्या दिवशी दरवाजा उघडला आणि मेंढरं बाहेर पडली. दुपारी बार्तोलो मेंढपाळ एकटाच परत आला. बार्तोलो लहानपणी कोमांच्यांत वाढलेला, मग विकत घेऊन बाप्तिस्मा दिलेला. टवाळ माणूस. आमच्या दारावरून जाताना काहीतरी बोलल्याशिवाय जात नसे. त्या दिवशी टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"पोलोनियाबाई, तुमच्या वळणावरच्या घरात कोणतरी मुक्कामाला व्हतं. दोन रात्री असंल. राख हाय चुलीत."

"कोण?" मामंजी म्हणाले.

"घोडं बिननालाचं हाय. एकच. आलं पूर्वेकडनं आन् गेलं बी पूर्वेकडंच. माग चार दिसांचा असंल." तो टोपी फिरवत राहिला. "पर आत क्रूस रोवल्यात. तीन. कोमांचे काय क्रूस रोवत न्हाईत."

आमच्याकडे माणूस जिथे मारला जातो तिथे क्रूस रोवायची रीत आहे. रस्त्याच्या कडेला, मळ्यात, नदीच्या उताराला, सगळीकडे दिसतात. सासूबाई तशाच अनवाणी चालू लागल्या, मग धावू लागल्या. मी मानुएलाला पाठीला बांधलं आणि मागे निघाले; पाठोपाठ मामंजी, सिप्रिआन आणि घोडं घेऊन बार्तोलोही आले.

क्रूस वाळुंजाच्या फांद्यांचे होते, सालीने बांधलेले. एक दाराच्या आत उजवीकडे. मामंजी तिथे निजायचे, कुऱ्हाड उशाला घेऊन. एक खिडकीखाली. तिथे सिप्रिआन निजायचा, पोरवयापासून. आणि एक चुलीच्या डाव्या अंगाला. तो इतर दोघांपेक्षा उंच होता आणि त्याची साल तीनदा गुंडाळलेली होती. घरात कोण कुठे निजतं हे त्या घरात निजलेल्या माणसाशिवाय कोणाला ठाऊक असणार?

उंच क्रुसाच्या शेजारी, जिथे कातडं असायचं तिथे, काळी माती हाताने साफ केलेली होती आणि वाळलं गवत अंथरलेलं होतं. गवत दाबलेलं होतं. त्याच्या कुशीला आणखी एक लहानसा खळगा होता, हातभर लांब.

"पोर हाय तिला," सासूबाई म्हणाल्या.

सिप्रिआन खिडकीखाली आपल्या क्रुसापुढे उभा होता. मग तो बार्तोलोला म्हणाला, "तुझं घोडं दे," आणि माग धरून पूर्वेला गेला.

मी उंबऱ्याच्या बाहेरच होते. आत पाऊल टाकवेना. तिथून घर मला तिच्या डोळ्यांनी दिसत होतं. माळवद नाही, दार नाही, भिंती जळून काळ्या. असं घर आमच्या प्रांतात कोणी बघितलं की टोपी काढतं आणि पुढे जातं, विचारत नाही. शेतातले ताजे खुंट तिला दिसले नसतील का? दिसले असतील. मेलेल्यांचं शेत शेजारी पेरतातच. सहा वर्षांनी घोडा मिळवून, तान्हं पोर घेऊन, दिवसा दडत ती आईच्या घरी आली होती आणि घराने तिला सांगितलं की आई मेली. त्या घराला तसं बोलायला मी शिकवलं होतं. कुदळ माझी, निखारा माझा आणि भिंती राहू द्या म्हणणारी जीभही माझीच. भिंती पाडून सपाट केल्या असत्या तर ती चुकल्यासारखी इकडे तिकडे शोधत चौकापर्यंत आली असती. आणि आम्ही तिथे आत बसून कणसं सोलत होतो, गात होतो.

मामंजी दाराशी वाकले आणि स्वतःचा क्रूस उपटायला हात घातला. "जित्या माणसाचा क्रूस ठिवू न्हाई," ते म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," सासूबाई म्हणाल्या. "तिनं लावलाय."

त्या आपल्या क्रुसाजवळ खाली बसल्या. सालीच्या गाठीवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आत ये लुगार्दा." मी गेले. वाटलं, आता बोलतील. त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, इसरली असंल. लहान व्हती. बारा वर्साचं पोर किती दिस ध्यानात ठिवंल? न्हाई इसरली बघ. कोण कुठं निजायचं ते सुद्धा न्हाई इसरली." आणि मग त्या रडल्या. एवढ्या मोठ्याने की पाठीवरची मानुएला दचकून रडायला लागली. खिडकीखाली सिप्रिआनच्या शेजारची जागा, जिथे मी चार वर्षं निजले, ती मोकळी होती. तिला माझा पत्ताच नव्हता.

सिप्रिआन अकराव्या दिवशी परत आला. लाल वाळूत माग बुडाला होता. नुसत्या माळावर तिच्या नावाने ओरडत फिरलो, म्हणाला, आणि घशावर हात ठेवून बसला. पुढच्या उन्हाळ्यात आणि त्याच्या पुढच्याही, ताओसच्या बाजारात कोमांचे तह करून यायचे तेव्हा तो प्रत्येक तंबूपुढे विचारत हिंडला. बार्तोलो त्यांच्या भाषेत विचारायचा. कोणी हो म्हटलं नाही, कोणी नाही म्हटलं नाही.

घराला पुन्हा माळवद घालायला हाकिमाने परवानगी दिली नाही. सासूबाईंनी पांढरी माती मात्र फिरवली. काळं पूर्ण गेलं नाही. दर महिन्याला त्या वळणावर जायच्या आणि तिन्ही क्रूस बघायच्या. वाऱ्याने कललेला सरळ करायच्या, कुजलेली साल काढून नवी बांधायच्या, बुडाशी दगड रचायच्या, गवत उपटायच्या. जिवंत बाई स्वतःचा क्रूस सांभाळते म्हणून लोक हसले, पाद्री रागावले. मीही एकदा विचारलं, कशापायी.

"परत आली तर तिला दिसाया हवं," त्या म्हणाल्या. "कोणतरी येतं हितं. कोणतरी गवत काढतंय. मेलेली माणसं काय गवत काढायला येत न्हाईत, एवढं कळंल तिला."

अशी अकरा वर्षं. मग मामंजी गेले, दोन वर्षांनी सासूबाई गेल्या, आणि परवाच्या देवीच्या साथीत सिप्रिआनही गेला. तिघांनाही मी त्यांच्या त्यांच्या क्रुसाखाली पुरलं. रोसालियाचे क्रूस म्हणत होते ते आता खरं आहे. तरी मी महिन्याच्या महिन्याला जाते, साल बदलते, गवत काढते. मानुएला म्हणते, आये, आता कुणासाठी? माझी रोसालियाशी ओळख नाही, मी तिला कधी पाहिलेलं नाही. पण आली तर तिला कोणीतरी सांगायला हवं, की त्या दिवशी तिची आई दोन कोसांवर जिवंत होती.